खोटी प्रेमकथा आणि आपले घर



कादंबरीसारख्या विषयावर या पाक्षिकाने जागा खर्ची घालावी काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. जमिनीचे, शिष्यवृत्तीचे, दाखल्याचे आणि रोजच्या अन्यायाचे प्रश्न पुढे उभे असताना प्रेमकथांची चर्चा म्हणजे रिकाम्या लोकांची करमणूक, असेही कोणी म्हणेल. त्यांना आमचे उत्तर असे की, पूज्य बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर आपला निबंध वाचला, तेव्हाच त्यांनी जातीचे मर्म कोठे आहे ते बोट ठेवून दाखविले होते. आपल्याच जातीत बेटीव्यवहार करण्याचे बंधन हेच ते मर्म होय. पुढे १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे निक्षून सांगितले. तेव्हा दोन भिन्न जातींतील तरुण-तरुणींचे प्रेम हा विषय क्षुल्लक नव्हे. ज्या कुलुपाने हा सारा वाडा बंद केला आहे त्याची किल्ली त्या विषयात आहे. म्हणूनच त्या किल्लीचे कोणी खेळणे केले तर आम्हांस बोलणे प्राप्त आहे.

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव येथील एका उपासकांनी एक कादंबरी आणि तिच्यासोबत चार ओळींचे पत्र आमच्याकडे धाडले. त्यांच्या कुटुंबाने दीक्षा घेऊन अद्याप दोन वर्षे पुरी झालेली नाहीत. त्यांची कन्या अकरावीत शिकते आणि रोज एस. टी.ने जाणे-येणे करते. ही कादंबरी तिला मैत्रिणीकडून मिळाली, ती तिने दोन रात्रींत वाचून काढली, आणि तिसऱ्या दिवशी ती पित्याच्या दृष्टीस पडली. पत्रात प्रश्न दोन आहेत. असली पुस्तके मुलीच्या हाती असू द्यावीत काय, हा पहिला. तिचे कॉलेज पुढे चालू ठेवावे काय, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाने आम्ही दचकलो आणि ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले. वाचून आमची घोर निराशा झाली. मात्र निराशेचे कारण त्या उपासकांना वाटते ते नव्हे. पुस्तकात प्रेम आहे म्हणून आमची तक्रार नाही. जे आहे ते प्रेमच नाही, ही आमची तक्रार आहे.

पुस्तकाचे व लेखकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. त्याच साच्यातून निघालेली पुस्तके पुष्कळ आहेत आणि आमचे भांडण त्या साच्याशी आहे. कथानक थोडक्यात असे. नायक गावाबाहेरच्या वस्तीतला, एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. नायिका गावच्या मोठ्या जमीनदाराची एकुलती कन्या. स्नेहसंमेलनात तो गातो, ती ऐकते, आणि दोघांचे प्रेम जडते. दोनशे पृष्ठांनंतर नायिकेच्या पित्यास सुगावा लागतो. दोघे दुपारी पळतात आणि सायंकाळी नोंदणी कार्यालयातून हार घालून बाहेर पडतात. पाठलाग करणाऱ्या पित्याची मोटार उलटते, नायक त्याला आपले रक्त देतो, पिता डोळे उघडतो, रक्ताला जात नसते असे म्हणतो, आणि वाड्यावर मांडव पडतो. शेवटच्या पानावर साऱ्या गावाची पंगत बसलेली आहे.

वाचकहो, आपण खेड्यांतून राहता. आसेगावात किंवा मंगरुळपीरच्या बाजारात एखादा अनोळखी तरुण चहाच्या टपरीवर बसला तर त्याला पहिला प्रश्न काय विचारला जातो, हे आपणांस सांगावयास नको. नाव सांगितले की आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात, गावावरूनही झाला नाही तर मामाचे गाव विचारतात, आणि तेवढ्याने न भागल्यास घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते विचारतात. या कादंबरीत दोनशे पृष्ठांपर्यंत नायकाला कोणी आडनाव विचारत नाही. नायिका विचारत नाही, तिच्या मैत्रिणी विचारीत नाहीत, प्राध्यापकही विचारीत नाहीत. नायक मागास वर्गातला म्हणून लेखकाने रंगविला आहे. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तो कधी रांगेत उभा राहत नाही, जात पडताळणीच्या कागदांसाठी त्याचा बाप कधी आजोबांचा दाखला शोधीत फिरत नाही. (आपल्या मुलांना कॉलेजात पाऊल ठेवण्यापूर्वीच जातीचा रकाना भरावा लागतो. कादंबरीतल्या मुलांना तो रकानाच भेटत नाही.) बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या संग्रहातील त्याच नावाच्या कथेत रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण आपली जात लपवितो, आणि ती उघड होताच त्याला मार खावा लागतो. तेथे प्रत्येक परिच्छेदात वाचकाचा जीव टांगणीला लागतो; कारण पुढचा माणूस आता काय विचारील याची धास्ती आपल्या ओळखीची आहे. या नव्या नायकाला असली धास्ती शिवत नाही. धास्ती नाही म्हणून त्याचे धैर्यही दिसत नाही.

हा साचा आजचा नाही. मराठीत कॉलेजातील प्रेमाची कादंबरी लोकप्रिय केली ती प्रा. ना. सी. फडके यांनी. त्यांची ‘दौलत’ १९२९ साली आली, ‘अटकेपार’ १९३१ साली. महाडच्या तळ्यावरचा सत्याग्रह १९२७ चा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा, हे सन शेजारी मांडून पाहावे. एकीकडे हजारो माणसे पाण्याच्या ओंजळीसाठी लाठ्या खात होती, आणि त्याच वर्षांत मराठी मध्यमवर्गाची कन्या कोणा सुस्वरूप पदवीधराच्या प्रेमात पडावी की न पडावी या विवंचनेत होती. फडक्यांच्या भाषेची सफाई आम्ही नाकारीत नाही, आणि त्यांनी आपल्या परिचयाचेच जग रंगविले हेही खरे. त्या जगात जातीचा उच्चार नसे, कारण तेथे सारेच एका पंगतीचे असत. आजचा लेखक त्याच जगाचे नेपथ्य उचलतो, त्यात वस्तीतला मुलगा आणून उभा करतो आणि जातीचा उच्चार पूर्वीसारखाच टाळतो. फडक्यांच्या बाबतीत जी मर्यादा होती ती येथे लबाडी होते.

आता कायद्याकडे वळू. कारण या ठिकाणी पुस्तक केवळ निराश करीत नाही, ते घातक होते. नायक एकोणीस वर्षांचा आहे. आपल्या देशात विवाहासाठी वराचे वय एकवीस व वधूचे अठरा पूर्ण असावे लागते. कोणताही नोंदणी अधिकारी या नायकाचा विवाह नोंदविणार नाही. दुसरे असे की, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह करावयाचा तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य केलेले असले पाहिजे. मग नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयातील दर्शनी जागी लावली जाते, तीस दिवसांपर्यंत कोणासही कायद्यात सांगितलेल्या कारणांवरून आक्षेप घेता येतो, आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह लागतो. त्या तीस दिवसांत त्या दोघांनी कोठे राहावे, काय खावे, कोणाच्या आधाराने राहावे? खरी कथा त्या तीस दिवसांत आहे. ती सोडून लेखकाने सायंकाळचा हार तेवढा उचलला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू केलेला असल्यामुळे बौद्ध वधू-वरांना अथवा बौद्ध व हिंदू यांना विधीपूर्वक विवाह करून नंतर त्याची नोंद करता येते, आणि तेथे तीस दिवसांच्या नोटिशीचे बंधन नाही. परंतु वयाची अट तेथेही तीच आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. कादंबरीतील नायिकेचे वय अठरा सांगितले आहे. परंतु ही पुस्तके वाचतात त्या अकरावी-बारावीतील मुली सोळा-सतरा वर्षांच्या असतात. अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायदा संमती मानीत नाही. तिला घेऊन पळालेल्या मुलावर पळवून नेल्याचा आणि २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालील गुन्हा दाखल होऊ शकतो. मुलीचा बाप पैसेवाला व मुलगा वस्तीतला असेल तर फिर्याद कोणत्या वेगाने नोंदली जाईल, याची कल्पना आपणांस आहेच. आपल्या तरुणांनी हे नीट ध्यानात ठेवावे. कादंबरीकार त्यांचा जामीन भरावयास येणार नाही.

आणि जेथे नायक रक्त देऊन मने जिंकतो असे पुस्तक म्हणते, तेथे प्रत्यक्षात काय घडले? त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलत होता, हे कारण सांगितले गेले. खटला उभा राहिला, साक्षीदार फिरले, आणि २०१७ साली आरोपी सुटले. त्या मुलाने कोणाला रक्त देण्याची वेळच येऊ दिली गेली नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट २०१६ साली आला तेव्हा त्यातील गाण्यांवर गावोगावच्या वराती नाचल्या. वरिष्ठ जातींच्या वरातीही नाचल्या. त्या चित्रपटाचा शेवट मात्र नाचणाऱ्यांनी घरी नेला नाही. त्यात पळून गेलेली मुलगी हैदराबादेत बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला लागते, मुलगा डोशाच्या गाडीवर राबतो, दोघे भांडतात, दारिद्र्याला कंटाळतात, पुन्हा जवळ येतात. म्हणूनच तेथील प्रेमावर विश्वास बसतो आणि म्हणूनच शेवट छातीत रुततो. आमच्या समोरील कादंबरीत नायक-नायिकेस एक दिवसही मजुरी करावी लागत नाही.

याचा अर्थ प्रत्येक कथेचा शेवट रक्तातच झाला पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. जे विवाह टिकले त्यांचीही कथा आहे, आणि ती आपल्या विदर्भातच लिहिली गेली आहे. नागपूरच्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. महार कुटुंबात जन्मलेली ही कन्या संस्कृत शिकली. ज्या भाषेचा शब्द आपल्या पूर्वजांच्या कानी पडू नये अशी आज्ञा होती, त्या भाषेत तिने एम. ए. केले. एवढे करूनही प्राध्यापिकेची जागा तिला मिळेना. पुढे तिचा विवाह दुसऱ्या, वरिष्ठ गणल्या गेलेल्या जातीतील तरुणाशी झाला, आडनाव सोमकुवरचे पावडे झाले, आणि मग ती जागा मिळाली. तिने स्वतःच लिहून ठेवले आहे की, या यशाचे श्रेय कुमुद सोमकुवरकडे जात नाही, कुमुद पावडेकडे जाते. म्हणजे नवऱ्याच्या जातीकडे जाते. वाचकहो, प्रेमाचा विवाह, सुखाचा संसार, मानाची नोकरी असे सारे तेथे आहे. आणि तरी त्या सुखाच्या मधोमध हा काटा उभा आहे. लेखिकेने तो उपटून फेकला नाही, झाकलाही नाही. असे एक पान लिहावयास जे बळ लागते ते आमच्या कादंबरीकाराच्या साऱ्या पुस्तकात नाही.

आता त्या पुस्तकातील आमच्या मते सर्वांत मोठ्या खोटेपणाकडे येतो. तो मोटारीच्या अपघातात नाही, रक्तातही नाही. (रक्तपेढीत रक्त तपासून, गट जुळवून देतात आणि घेणाऱ्यास देणाऱ्याचे नाव सहसा कळतही नाही, ही गोष्ट आपण सोडून देऊ.) तो खोटेपणा असा की, आरंभापासून अखेरपर्यंत नायिका नायकाच्या घरी एकदाही जात नाही. नायकाची आई एका प्रसंगी येते, तीही वाड्याच्या पायरीशी, पदर पसरून. नायकाच्या घरात काय आहे हे लेखकास ठाऊकच नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे काय? बुद्धमूर्तीपुढे सकाळी कोणी मेणबत्ती लावते काय? वस्तीत विहार आहे काय, चौदा एप्रिलला तेथे काय होते? नायकाचा बाप कोणत्या साली, कोणत्या ठिकाणी बावीस प्रतिज्ञा घेऊन उभा राहिला? यांतील एकही गोष्ट पुस्तकात नाही. नायकाला प्रतिष्ठा मिळते ती वाड्याने त्याला आत घेतले म्हणून. तो बौद्ध असेल तर त्याचा धम्म वाड्याच्या उंबऱ्यावर उतरवून ठेवलेला दिसतो. नायिकेने मात्र काहीच उतरवून ठेवलेले नाही. तिने नायकाच्या घरच्या माठातला पाण्याचा एक पेला उचलून तोंडाला लावला असता तर आम्ही बाकीच्या साऱ्या अशक्य गोष्टी क्षम्य मानल्या असत्या.

पाण्याचा हा आग्रह आमचा पदरचा नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूज्य बाबासाहेबांनी प्रकृती नावाच्या चांडालिकेची कथा घेतली आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती वर्षावासात ऐकली असेल. भगवान श्रावस्तीस असताना आनंद पाण्यासाठी नदीकडे जातो. तेथे एक मुलगी पाणी भरीत असते. तो पाणी मागतो. ती म्हणते, मी चांडालिका आहे. आनंद सांगतो की, त्याला पाण्याशी काम आहे, जातीशी नाही. तेवढ्यावर त्या मुलीचे मन त्याच्यावर जडते. आयुष्यात प्रथमच कोणी तिच्या हातचे पाणी मागितलेले असते, हे कारण सांगण्याचीही गरज पडत नाही. पुढे तिची आई आनंदास घरी बोलावते, मुलीशी विवाह कर म्हणून गळ घालते, दार लावून घेते, आणि आनंद नकार देतो. मुलगी त्याच्यामागे भगवंतांपर्यंत जाते आणि अखेर भिक्खुणी होते. विचार करा, केवढी कठीण कथा ही! तिच्यात प्रेम आहे, नकार आहे, आईची माया व हटवादीपणा आहे, आणि एका उपेक्षित मुलीचा स्वतःच्या पायांनी चालत गेलेला मार्ग आहे. हीच कथा संस्कृत दिव्यावदानात आली आहे. तेथे तिला जोडून मातंगांचा राजा त्रिशंकू याची कथा सांगितली आहे. तो आपल्या शार्दूलकर्ण या पुत्रासाठी पुष्करसारी नावाच्या ब्राह्मणाची कन्या मागतो. ब्राह्मण संतापतो. राजा त्याच्याशी वाद घालतो, आणि तो वाद पानेच्या पाने चालतो. माणसामाणसांत पशुपक्ष्यांसारखा जातिभेद दिसतो काय, येथपासून वेदविद्येपर्यंत सारे निघते, आणि मग कोठे तो ब्राह्मण कन्या देण्यास राजी होतो. इतक्या प्राचीन काळी बौद्ध कथाकाराला ठाऊक होते की, असा विवाह घडवावयाचा तर बापाचे मन पालटण्यास पुष्कळ वेळ आणि पुष्कळ युक्तिवाद लागतो. आजच्या कादंबरीकाराने ते काम एका रक्ताच्या बाटलीवर उरकले.

बौद्ध परंपरा प्रेमाच्या चित्रणास भीत नव्हती, याचा आणखी एक दाखला आपल्या जिल्ह्याला जवळचा आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खुसंघास अर्पण केले. त्या लेण्यातील एक चित्र नंदाच्या कथेचे म्हणून ओळखले जाते. पती संघात गेल्याचे कळून त्याची पत्नी कोसळते आहे आणि दासी तिला सावरीत आहेत. हे चित्र भिक्खूंच्या निवासातच रंगविले गेले. ज्यांनी संसार सोडला त्यांच्या भिंतीवरही त्या पत्नीच्या दुःखाला जागा मिळाली, आणि ते दुःख खोटे केले गेले नाही.

इतके लेखकास सुनावल्यानंतर थोडे आपणांसही विचारणे भाग आहे. पाण्याचा जो प्रश्न आम्ही त्या नायिकेस विचारतो तो आपल्या घरांस लागू नाही काय? धम्मदीक्षेच्या दिवशी आपण जुन्या जाती टाकल्या. सोयरीक जुळविताना मात्र मध्यस्थ अजून हळूच विचारतो, पूर्वीचे कोण? कोणी महार समाजातून आला, कोणी मातंग, कोणी चर्मकार, कोणी आणखी कोठून. आणि आला तो बौद्ध म्हणून आला, तरी लग्नाच्या यादीत जुनी पोटजात चोरपावलांनी परत येते. नव्याने आलेल्या कुटुंबास जुने बौद्ध कुटुंब मुलगी देण्यास कांकू करते, आणि त्याचे कारण शिक्षण, नोकरी किंवा अंतर असे सांगते. आम्ही ही गोष्ट कठोरपणे लिहीत आहोत, कारण दीक्षा घेऊन दोनच वर्षे झालेल्या कुटुंबास ती सर्वांआधी बोचते. प्रकृतीची कथा विहारात ऐकावयाची आणि घरी यादी चाळताना विसरावयाची, हा व्यवहार बंद झाला पाहिजे. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी दिल्लीत नोंदणी पद्धतीने डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला तेव्हा त्यांनी जे मांडले होते तेच आचरले. आपल्यापैकी किती घरांनी ते आचरले?

आसेगावच्या त्या पित्यास आमचे सांगणे असे. मुलीचे कॉलेज एक दिवसही बंद करू नये. जातीने बेटीव्यवहारावर बंधन घातले, त्याचा अर्थच मुलीवर पहारा बसविला. आणि तो पहारा आपण आपल्या हातांनी पुन्हा बसविला तर दीक्षाभूमीहून आपण काय घेऊन आलो? पुस्तकही हिसकावू नये. हिसकावलेले पुस्तक मुले चोरून वाचतात आणि चोरून वाचलेल्या पुस्तकावर अधिक विश्वास ठेवतात. तिला शेजारी बसवावे आणि विचारावे, बाई, त्या मुलाचे आडनाव काय होते? तो एकोणीस वर्षांचा असता त्यांचा विवाह कोणी नोंदविला? त्याच्या आईच्या हातचे ती मुलगी जेवली काय? अकरावीतील मुलीस या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात. आणि एकदा ती शोधू लागली की असल्या कादंबऱ्या तिला आपोआपच फिक्या लागतील. तिच्या हाती ‘अंतःस्फोट’ द्यावे, बागुलांच्या कथा द्याव्यात, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ द्यावे. त्यात लेखिकेचे स्वतःचे प्रेम आहे, विवाह आहे, आणि विवाहानंतरची तक्रारही आहे. तिला हेही सांगावे की, उद्या ती सज्ञान होऊन, शिकून, स्वतःच्या पायांवर उभी राहून कोणा भिन्न जातीच्या तरुणाची निवड करील तर तिचा बाप दार लावून घेणार नाही. हे शब्द बापाच्या तोंडून निघाले तर मुलीस पळून जाण्याचे कारण उरत नाही.

आणि ज्यांच्यावर तशी वेळ येईल त्यांनी कायद्याची मदत कोठे आहे ते ठाऊक करून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना, आपल्या निवडीने विवाह करणाऱ्या सज्ञान जोडप्यांस संरक्षण देण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा आदेश दिला आहे. आपल्या जिल्ह्यात हा कक्ष कोणत्या कार्यालयात बसतो व तेथील दूरध्वनी कोण उचलतो, याची चौकशी प्रत्येक गावच्या दोन-चार कार्यकर्त्यांनी एकदा समक्ष जाऊन करून ठेवावी. आंतरजातीय विवाह करणाऱ्यांस महाराष्ट्र शासन समाजकल्याण विभागामार्फत पन्नास हजार रुपयांचे साहाय्य देते. ही रक्कम मोठी नव्हे. तरी भाड्याच्या खोलीचे पहिले काही महिने तीतून निघू शकतात.

राहिली गोष्ट त्या लेखकाची. येत्या वर्षावासात एखाद्या रविवारी वंदनेनंतर प्रकृतीची कथा विहारात मोठ्याने वाचावी, मुलामुलींना तिच्यावर बोलू द्यावे, आणि नंतर त्यांनीच एक पत्र लिहून प्रकाशकाच्या पत्त्यावर धाडावे, अशी आमची सूचना आहे. पत्रात शिव्या नकोत, उपदेशही नको. पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण घालावे, एवढीच विनंती असावी: मांडवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवी सून वस्तीतल्या घरी येते, उन्हातून आल्याने तिला तहान लागलेली आहे, सासूने माठावरचे झाकण काढून पेला भरला आहे आणि तो तिच्या हाती दिला आहे. पुढे काय झाले ते लेखकाने लिहावे.